जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय? पार्ट बदलण्याआधी या क्रमाने जा

"आधी अठरा द्यायची, आता बाराच्या वर जात नाही." सेकंडहँड गाडी घेतलेल्यांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यावर सल्लेही ठरलेले असतात: प्लग बदल, इंजेक्टर साफ करून घे, टाकीत अमुक बाटली ओत. यातले एक-दोन सल्ले बरोबरही असतात, पण क्रम चुकतो. गॅरेजवाला त्याला जे सोपं आणि जे विकता येतं तिथून सुरुवात करतो. आपण जे फुकट आहे तिथून करायची. आधी मोजायचं, मग गाडी कशामुळे अडते आहे ते बघायचं, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचं. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

हा लेख साधारण २०१० ते २०१८ मधल्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: वॅगनआर, आय१०, स्विफ्ट, सँट्रो वगैरे. डिझेलचं दुखणं बरंच वेगळं असतं, आणि कार्बोरेटरवाली मारुती ८०० अजून कोणी चालवत असेल तर त्याला हे सगळं आधीच माहीत असणार.

पायरी १: खरं ॲव्हरेज काढा

पाचशेचं पेट्रोल टाकलं, काटा खाली येईपर्यंत अमुक किलोमीटर चालली, हा हिशेब नव्हे. डॅशबोर्डवर दिसणारा आकडाही नको. तो बहुतेक गाड्यांत जरा गोडच बोलतो.

टाकी फुल ते टाकी फुल, एवढीच खरी पद्धत. पंपावर टाकी फुल करा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. इथे पंपावरचा माणूस हमखास विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" नाही म्हणा. त्या राउंड फिगरच्या नादात कधी अर्धा लिटर जास्त जातं, कधी दीड, आणि हिशेब तिथेच बिघडतो. शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरून तो खराब होऊ शकतो. ट्रिप मीटर शून्य करा, निदान तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कटपर्यंत भरा. गाडी ४१२ किलोमीटर चालली आणि ३१.८ लिटर बसलं, तर ॲव्हरेज झालं १२.९६. असं दोन-तीन टाक्यांचं काढा. एकाच टाकीवर विश्वास ठेवू नका, कारण तुम्ही त्या आठवड्यात सातारला जाऊन आलात की आकडा फुगतो.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथे पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. ते मागायचा आणि आपल्यासमोर मोजून घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

आता ओडोमीटर. आधीच्या मालकाने टायरचं माप बदललं असेल, तर किलोमीटरच चुकीचे मोजले जातात. जुन्या वॅगनआरचं उदाहरण घ्या. तिच्या खालच्या मॉडेलला १४५/८० आर १३ टायर यायचे, आणि पुष्कळ लोक तिला १५५/८० आर १३ घालतात, कारण गाडी जरा उंच होते आणि खड्ड्यात बरी वाटते. पहिल्या टायरचा व्यास ५६२ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५७८. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी जवळपास तीन टक्के जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. मीटर १०० दाखवतं तेव्हा तुम्ही जवळपास १०३ गेलेले असता. इंजिनाचा काही दोष नसताना ॲव्हरेज तीन टक्क्यांनी कमी दिसतं. मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी मीटर ताडून बघा, लगेच कळेल.

पायरी २: अपेक्षा जमिनीवर आणा

जाहिरातीतला आकडा हा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर गाडी ठेवून, ठरावीक चक्रात चालवून काढलेला असतो. एसी बंद, खड्डे नाहीत, सिग्नल तोडून आडवा येणारा रिक्षावालाही नाही. २०१३ नंतरच्या पेट्रोल वॅगनआरचा हा आकडा २०.५१ होता. पुण्यात किंवा ठाण्यात, एसी लावून, रोजच्या गर्दीत तीच गाडी १२ ते १४ देत असेल तर माझ्या मते तिला काहीही झालेलं नाही. हायवेवर १७-१८ मिळत असतील तर इंजिन ठणठणीत आहे, शहरातलं ॲव्हरेज ट्रॅफिक खातंय. दोन्हीकडे कमी पडत असेल तरच दुखणं गाडीत आहे. म्हणून शहराची एक टाकी आणि हायवेची एक टाकी वेगवेगळी मोजणं फार उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, म्हणजे ई-२०. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणात ती कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के घटेल. नंतर पेट्रोलियम मंत्रालयाने हाच आकडा नव्या धाटणीच्या गाड्यांना एक-दोन आणि बाकीच्यांना तीन ते सहा टक्के असा सांगितला. कुठलाही धरा, १५ देणाऱ्या जुन्या गाडीचं अर्धा ते एक किलोमीटर तिथेच गेलं, आणि ते कुठल्याही गॅरेजमध्ये परत मिळत नाही. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र दर सर्व्हिसिंगला बघून घ्या. जुन्या रबराला जास्त इथेनॉल मानवत नाही, आणि भेगाळलेला पाइप हा ॲव्हरेजच्याही आधी आगीचा धोका आहे. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर बाकीच्या पायऱ्या सोडा, आधी तो गळतीचा ठावठिकाणा शोधा.

पायरी ३: हवा

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं प्रेशर टायर थंड असताना भरायचं असतं. दहा-बारा किलोमीटर चालवून पंपावर गेलात की तेच टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतात, आणि पोरगा म्हणतो "हवा बरोबर आहे." घरी गेज ठेवा, सकाळी निघण्याआधी मोजा. महिन्यातून एकदा पुरतं, स्टेपनीसकट.

एक मात्र खरं सांगतो: हवेने चमत्कार होत नाही. चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के पडतं. दहा पीएसआय कमी म्हणजे दोन टक्के. पण हे काम फुकट आहे, आणि कमी हवेने टायरच्या कडा झिजतात तो खर्च वेगळाच.

पायरी ४: चाकं मोकळी फिरतात का?

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि जुन्या गाडीत मोठी चोरी बहुधा इथेच सापडते. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला घासत राहतो. गाडी चालते, कुठला दिवा लागत नाही, आवाजही फारसा नसतो. पेट्रोल तेवढं जास्त लागतं.

तपासायची रीत अशी. सपाट, रिकामा रस्ता शोधा. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, पण ब्रेक शक्य तितका कमी वापरा. शेवटी गिअर काढून गाडी आपोआप मंदावू द्या आणि अगदी थांबताना हलका ब्रेक लावा. खाली उतरा आणि चारही चाकांच्या रिमजवळ, मध्यभागी, तळहात न्या. लगेच टेकवू नका, ब्रेक पकडत असेल तर चटका बसेल. तीन चाकं कोमट आणि एक गरम, कधी त्याला करपल्यासारखा वासही, असं आढळलं की चोर सापडला.

मग खात्री करा. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून, सपाट जागी जॅकवर मागचं एकेक चाक उचला आणि हाताने फिरवा. हलका घासल्याचा आवाज चालतो, पण ढकलल्यावर चाक एखाद-दोन फेऱ्या सहज घेतलं पाहिजे. पुढच्या चाकांच्या वेळी गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि हँडब्रेक ओढायचा. ती ॲक्सलमुळे मुळातच जड फिरतात, म्हणून डावं-उजवं एकमेकांशी ताडून बघा. जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका, अगदी "एक मिनिट फक्त" म्हणूनसुद्धा.

पुढे डिस्क असेल तर दोष बहुधा कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिनांचा असतो. त्यांचं ग्रीस सुकतं, रबरी टोपी फाटते, पावसाचं पाणी आत जातं आणि पिन गंजून अडकते. कोकणात, समुद्राजवळ हे लवकर होतं. पिना काढून, घासून, योग्य ते ग्रीस लावून परत बसवणं हे तासाभराचं काम आहे. मागे ड्रम असेल तर धूळ साचलेली असते, नाहीतर हँडब्रेकची केबल अडकून राहते. भर पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवली की लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा.

व्हील अलाइनमेंट याच दिवशी उरकून घ्या. टायरवर आडवा हात फिरवताना एका दिशेला गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं लागत असेल तर ते नक्की बिघडलंय.

पायरी ५: इंजिन पुरेसं तापतं का?

उलटं वाटेल, पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा हा खास आजार आहे. गाडी कधीतरी घाटात तापलेली असते. मेकॅनिक रेडिएटर साफ करण्याऐवजी थर्मोस्टॅटच काढून टाकतो, किंवा पंखा थेट चालू राहील असा जोडून देतो. गाडी तापायची थांबते आणि मालक खूश होतो. एका परिचिताने घेतलेल्या सेकंडहँड हॅचबॅकमध्ये प्लग, फिल्टर, सेन्सर सगळं बदलून झालं होतं. शेवटी थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर आत थर्मोस्टॅट नव्हताच, नुसती मोकळी पोकळी.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसेल किंवा उघडीच अडकली असेल, तर इंजिन ८०-९० अंशांवर पोचायला फार वेळ घेतं, कधी पोचतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो.

घरी करायची चाचणी सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला अधूनमधून हात लावा (पंख्यापासून बोटं लांब, आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही). झडप ठीक असेल तर तो पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे किंवा नाहीच आहे. थर्मोस्टॅट हा तसा स्वस्त पार्ट आहे. मात्र तो बसवण्याआधी गाडी मुळात का तापत होती तेही शोधायला हवं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात खंबाटकीत बॉनेट उघडून उभं राहावं लागेल.

पायरी ६: पीयूसीचा कागद आणि स्कॅनर

पीयूसी आपण पोलिसाला दाखवायला काढतो आणि घडी घालून ठेवतो. एकदा वाचा. गाडी बीएस-४ या प्रदूषण-मानकाची असेल (आरसीवर असतं) तर आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवा. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेला टेकलेला असेल तर गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत आहे. हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) बघायला हवं. अर्थात नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली असेल तरच या आकड्यांना अर्थ आहे. ती घालायला लावा.

दुसरं, ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२ आहे, त्याआधीच्या काही गाड्यांतही चालतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि मोबाइलवर बघा. पी०१२८ आला तर थर्मोस्टॅट. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), शेवटचा अंक सिलिंडरचा. पी०१३० च्या आसपासचे कोड ऑक्सिजन सेन्सरचे. कोड नसला तरी 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम', म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कापतो तो आकडा, बघा: गरम इंजिनावर तो अधिक-उणे दहाच्या आत असावा. उणे पंधरा-वीस दिसलं तर पेट्रोल कुठूनतरी जास्त येतंय आणि कॉम्प्युटर ते कापायची धडपड करतोय, बहुधा गळका इंजेक्टर. अधिककडे गेलं तर कुठूनतरी फुकटची हवा शिरते आहे किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय. कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. सेन्सर पुष्कळदा फक्त निरोप्या असतो, आणि वायर कुरतडणारा उंदीर हाही एक नेहमीचा गुन्हेगार आहे.

पायरी ७: आता प्लग, फिल्टर, ऑइल

प्लग काढून टोक बघा: फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक, काळी भुकटी असेल तर पेट्रोल जास्त, ओलं तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. साधे प्लग मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदला, गॅप तपासून.

एअर फिल्टर मळलेला असल्याने ॲव्हरेज पडतं, ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या मानाने पेट्रोल कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं तेव्हा फिल्टर चोंदल्याने पिकअप गेला, ॲव्हरेजमध्ये मात्र जवळपास फरक पडला नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण त्याच्याकडून जादूची अपेक्षा नको.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात गॅरेजच्या पिंपातलं जास्त घट्ट २०डब्ल्यू-५० गेलं तर इंजिनाला ते घुसळायलाच जास्त जोर लागतो. थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करून घ्या. क्लच घसरतो का बघायला चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा: आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपली आहे.

पायरी ८: उजवा पाय

इथे बोलायला लोकांना आवडत नाही, पण गाडी निरोगी निघाल्यावर उरलेलं सगळं इथेच आहे.

पुढचा सिग्नल लाल दिसतोय तरी ॲक्सिलरेटर दाबून तिथपर्यंत धावायचं आणि मग कचकन ब्रेक, ही सवय सगळ्यात महाग. लांबूनच पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. म्हणूनच घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा प्रकार दुहेरी मूर्खपणाचा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलिंगपुरतं पेट्रोल लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

हायवेवर ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गावाला जाऊन आल्यावर टपावरचं कॅरिअर तसंच राहिलं असेल तर काढून ठेवा. आणि दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, म्हणजे शाळा, घर, भाजी, परत घर, या इंजिन तापायच्या आतच संपतात. कामं एकत्र करून एकाच फेरीत उरका, नाहीतर तेवढ्यासाठी स्कूटर काढा. गर्दीत एसी लावून नुसतं उभं राहणं छोट्या गाडीलाही तासाला पाऊण ते एक लिटरला पडतं. रांग हलायची चिन्हं नसतील तर इंजिन बंद करा.

काय घेऊ नका

पेट्रोलच्या पाइपला लावायचं चुंबक, सॉकेटमध्ये खोचायचा 'फ्युएल सेव्हर', ॲव्हरेज दुप्पट करणारी गोळी: यांवर एक रुपयाही घालवू नका. महागड्या ९५ ऑक्टेन पेट्रोलचाही ९१ वर चालणाऱ्या साध्या इंजिनाला ॲव्हरेजसाठी उपयोग नाही.

मोठा खर्च करायचा की नाही?

वरचं सगळं करूनही गाडी हायवेवर दहा-अकराच देत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असतील तर इंजिन उघडू देऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. एखादा सिलिंडर फारच खाली असेल, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल आणि दर महिन्याला ऑइल घालावं लागत असेल, तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचं काम आहे.

ते करण्याआधी कागद-पेन घ्या. महिन्याला ८०० किलोमीटर चालवत असाल, तर १२ च्या ॲव्हरेजला ६६.७ लिटर लागतं आणि साडेचौदाला ५५.२. फरक साडेअकरा लिटर, म्हणजे आजच्या भावाने महिन्याला अकरा-बाराशे रुपये. इंजिनाच्या कामाचं एस्टिमेट तीस हजार आलं तर ते वसूल व्हायला दोन वर्षांच्या वर जातील. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर त्यात नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण करही मिळवा, आणि मगच मेकॅनिकला होकार द्या.